अंगठ्याची सवय

साप चावला आणि लाय-युंगला हसूच आलं. चावला म्हणजे काय, शिवताना सुईचं टोक बोटाला लागावं तेवढंच. जेवणाच्या काडीपेक्षा जेमतेम जाड, दोन वितींचं ते पोर. नारिंगी अंगावर तांबडे ठिपके. प्लॅस्टिकच्या खोक्यातली पाण्याची वाटी बदलायला तिने वरून हात घातला आणि त्याने झडप घालून तर्जनीला दात लावले. आयुष्यात दोनदा नाग डसून दवाखान्यात पडलेल्या बाईला ही चेष्टाच होती. ती हसत होती, आणि संध्याकाळी भाताबरोबर मासा करावा की अंडं, हाही विचार डोक्यात चालू होता. मग तिला कळलं की आपला अंगठा थांबलाय. तो कधी निघाला, कुठून निघाला, तिला पत्ताच नव्हता. हाताने सगळं परस्पर उरकलं होतं. मानेमागे दोन बोटांची चिमट, शेपूट करंगळीखाली दाबलेली, आणि अंगठा पोटावरून खाली सरकत, खवल्यांआडचं मऊ चाचपत, अर्ध्याच्या जरा पुढे येऊन थांबला होता. इथे. मुगाच्या दाण्याहून लहान, कडेला निसटणारं काहीतरी. पित्ताची पिशवी. एवढ्याशा जिवातलं एवढंसं पित्त अंगठ्याने अचूक शोधलं होतं आणि आता तो पात्याची वाट बघत होता. साप वळवळायचा थांबून ताठ झाला. त्याच्या अंगातून तो ओळखीचा, भ्यालेल्या सापाचा उग्र वास सुटला. लाय-युंगने त्याला घाईघाईने खोक्यात टाकलं, झाकण लावलं आणि हात पाठीमागे नेला. स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालत होती. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली. तिने जाऊन गॅस बंद केला.

त्या बासष्टांतली अडतीस वर्षं तिने शामशुईपो नावाच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत ‘सर्पराज मोक’ या पाटीखाली उभं राहून साप सोलले होते. पाटी वडिलांची, पण शेवटची वीस वर्षं सर्पराज तीच. गिऱ्हाइकं रस्त्यावर थांबून तिचे हात बघायची. भिंतभर लाकडी खण होते, त्यांच्या फटींतून सळसळ ऐकू यायची, आणि न बघता ती नेमका हवा तो खण ओढायची. पाय थकले, दुकानाची इमारत पाडायला काढली, तेव्हा सहा वर्षांपूर्वी तिने खण विकले, सुऱ्या ठेवून घेतल्या आणि चौदाव्या मजल्यावरच्या या सरकारी घरात बसून राहिली. तिला कसला पश्चात्ताप नव्हता. थंडी पडली की माणसाला सापाचं सूप लागतं, कोणीतरी ते करावं लागतं, आणि तिच्यासारखं कोणी करत नव्हतं. एवढा साधा हिशेब. पण तीन दिवसांपूर्वी तिची एकुलती एक लेक होई-लाम हे खोकं छातीशी धरून दारात उभी राहिली. होई-लाम चौतीस वर्षांची. बहिऱ्या म्हाताऱ्यांच्या कानांत यंत्रं बसवण्याचं काम करायची, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मुलीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. आईकडे येणं म्हणजे नववर्षाला अर्धा तास, तोही घड्याळाकडे बघत. चप्पल न काढताच ती म्हणाली होती, “आई, तुला विचारलं नसतं गं. पण दुसरं कोणी घेईचना.”

“मग आत तरी ये. साप आत आणि तू बाहेर, ही कुठली रीत?”

“याला हाताची धास्ती आहे. हात दिसला की चावतो. माझ्या खोलीवरच्या तिला दोनदा चावला. ती म्हणते, एक तर साप जाईल, नाही तर मी.”

“जाऊ दे की तिला.”

“आई! चेष्टा नको. मला चाळीस दिवस ताइपेला शिकायला पाठवतायत. तुंग-चीच्या सणाला परत येईन. तोवर हा हाताळून घ्यायला लागला तर ठीक. नाही तर ज्या दुकानातून आणला ते परत घेतो म्हणालेत.”

“मी शिकवते त्याला.”

“तू?” होई-लाम हसली नाही. “डोक्यावर केस नसतील एवढे सोललेस तू. तू फक्त पाणी बदल, आठवड्याला खायला घाल. जिवंत परत मिळाला तरी पुष्कळ झालं.”

हे ‘तू?’ लाय-युंगच्या छातीत रुतून बसलं. ती म्हणाली, “तुंग-चीला जेवायला ये. माझ्या हातावर बसलेला बघशील.” बोलून गेली आणि बोलून गेल्यावर मागे कशी घेणार? होई-लामने फ्रीजवर एक कागद चिकटवला. वरून हात घालायचा नाही, बाजूने. मूठ नको, तळवा उघडा. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. चावला म्हणून लगेच खाली ठेवायचं नाही, शांत झाला की मगच, नाही तर चावलं की सुटका होते हे तो शिकतो. आणि शेवटी, दोनदा गिरवून, मान धरायची नाही. सापाचं नाव तिने रताळ्या ठेवलं होतं. जाता जाता लाय-युंगने विचारलंच, “तुला वासही सहन व्हायचा नाही. मग हा कशाला पाळलास?” होई-लाम लिफ्टचं बटण दाबून उभी होती. “सगळे साप तुझ्याच वाट्याला का यावेत?” ती म्हणाली. “एक माझा असू दे की.” लिफ्टचं दार लागलं.  लेक वीस वर्षांत पहिल्यांदा लाय-युंगकडे काहीतरी मागायला आली होती. साप दुकानात परत गेला, तर ती पुन्हा यायची नव्हती.

आणि आता हा अंगठा. किटलीतलं पाणी थंड होत गेलं तरी ती त्याच्याकडेच बघत बसली. रुंद, चपटा, नखाच्या कडेला जुना पांढरा व्रण. हा काही आपोआप झाला नव्हता, बाबांनी घडवला होता. अठराव्या वर्षी बाबांनी कमरेचा एप्रन सोडून तिच्या डोळ्यांवर बांधला आणि हातात धामण दिली. डोळ्यांनी बघू नकोस, ते म्हणाले, डोळे लबाड असतात, अंगठ्याला विचार. ती चाचपत राहिली आणि प्रत्येक वेळी चुकल्यावर बाबा नुसतं ‘हं’ म्हणायचे. नंतर एके दिवशी अंगठा थांबला, बाबांनी तिथे नखाएवढा छेद दिला आणि गडद हिरवं पित्त टपकन वाटीतल्या दारूत पडलं. गिऱ्हाइकाने ते एका घोटात रिचवलं. संध्याकाळी सुपाचा पहिला वाडगा बाबांनी तिच्यापुढे ठेवला, शेवंतीच्या पाकळ्या जरा जास्तच घालून. त्या वाडग्याची वाफ तिला अजून आठवत होती. तेव्हापासून अंगठ्याला काही सांगावं लागलं नाही. गप्पा मारताना, रडताना, तापाने फणफणलेली असताना, होई-लाम पोटात असताना तो आपलं काम करत होता. पोरगी झाली, चालायला लागली. शाळेत पोरं नाक धरून तिच्याभोवती नाचायची, हे कळायला आईला दोन वर्षं लागली. सात वर्षांची होई-लाम रस्ता ओलांडताना तळवा सोडवून घ्यायची. वास येतो म्हणायची. बस, ट्रक, हातगाड्या, त्यात ही सुटलेली पोर! लाय-युंगने मनगट धरलं. घट्ट, सुटायचं नाही असं. रोज धरलं, सात वर्षं धरलं. पोरीचं मनगट तिच्या चिमटीत बरोबर बसायचं. चौदाव्या वर्षी भर चौकात, हिरवा दिवा लागलेला असताना, होई-लाम जागची हलली नाही. तिने मनगट वर उचललं. त्यावर अंगठ्याचा तांबडा ठसा होता. “तू मला सापासारखं धरतेस,” ती म्हणाली. लाय-युंगने तिथल्या तिथे हात सोडला आणि तो सोडलाच. लोक दोघींना धक्के देत जात होते, तेवढ्यात दिवा पुन्हा लाल झाला.

पहिले दहा दिवस फुकट गेले. सरळ सांगायचं तर त्या पोराने तिच्या नाकी नऊ आणले. हात बाजूने नेला, तळवा उघडा ठेवला, कागदावरचं सगळं पाळलं. पण साप जरा सळकन हलला की अंगठा मिटायचा. तिने ठरवलं म्हणून थांबणारा तो नव्हता. डोळ्याची पापणी लवते तसा तो लवायचा, मानेमागे जाऊन बसायचा, आणि रताळ्या पुन्हा ताठ व्हायचा, वास सोडायचा, चावायचा. मग शांत होईपर्यंत थांबायचं हे विसरून ती त्याला खोक्यात टाकायची, स्वतःलाच घाबरून. त्यातून एक दिवस अंगठ्याचा सांधा दुखत होता म्हणून रोजच्याप्रमाणे त्यावर छोट्या बाटलीतलं औषधी तेल चोळलं आणि तोच हात आत घातला. कापूर-पुदिन्याचा तो भपकारा! रताळ्या वेडापिसा झाला. भिंतींवर डोकं आपटत सुटला, पाण्याची वाटी उलथली आणि कागदाच्या भुग्यात तोंड खुपसून तो थरथरत राहिला. या शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या अंगाला हाच वास येतो, देवळात येतो, बसमध्ये येतो. तो कुणाला त्रासदायक असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानात होती तेव्हा सापाला काय आवडत नाही, याचा विचार करायचं कारणही नव्हतं. तिने साबणाने तीनदा हात धुतले आणि बाटली वरच्या फळीवर ठेवली. रात्रभर सांधा ठणकला. सकाळी तिने जुना, रोज वापरलेला बनियन कापून एक तुकडा खोक्यात ठेवला, आपल्या अंगाची तरी सवय व्हावी म्हणून. होई-लामचा निरोप आला होता, जिवंत आहे ना? तिने लिहिलं, आहे.

अकराव्या दिवशी बिंग-दादा आला. दुकानात तिच्यासोबत तीस वर्षं पातेली ढवळलेला, आता सत्तरीचा. थंडीच्या हंगामात अजून त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात शेवंती निवडायला बसतो. डब्यातून सूप घेऊन आला होता, लिंबाच्या पानांची कातरण वेगळ्या पुडीत. खोक्याकडे बघून तो दारातच थबकला. “हे काय, उस्तादीणबाई? पुन्हा धंदा? एवढ्याशात तर चमचाभरही सूप व्हायचं नाही.”

“लेकीचा आहे. हाताला सवय लावतेय त्याच्या.”

“कशाची?”

“हाताची.”

बिंग-दादाने डबा खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागला. “अगं, तुझ्या हाताची सवय लागायला किमान एक तरी साप जगायला नको का! कसायाने बकऱ्याला झोपवायला अंगाई म्हणावी तसं झालं हे.”  हसणं ओसरल्यावर त्याने तिच्याकडे नीट बघितलं, वाडगे काढले, सूप ओतलं. तिने वाडगा दोन्ही हातांनी धरून प्यायलं. सूप चांगलं होतं, जरा आलं कमी होतं, आणि खोक्यातला रताळ्या काचेसारख्या डोळ्यांनी बघत होता. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटायला हवं का, असंही मनात आलं आणि गेलं. मग तिने अंगठ्याबद्दल सांगितलं. पित्तापाशी थांबला ते. कुणाला सांगितलं नसतं, पण बिंग-दादाला कळणार होतं. तो आपले हात बघायला लागला. म्हणाला, “माझं बघ. घरी नळाला पाइप लावायला घेतला की मी आधी डोकं शोधतो.” मग म्हणाला, “बांधून टाक.”

“काय?”

“अंगठा. बांधून टाक. बाबांनी तुझे डोळे बांधले होते ना? आता हा बांध.”

तो गमतीने म्हणाला की खरंच, हे तिने विचारलं नाही. तो गेल्यावर तिने हाडवैद्याने दिलेली मुरगळल्याची पट्टी शोधली आणि अंगठा तर्जनीला समांतर ताणून तळव्याशी आवळून बांधला. हात एकदम परका झाला. चार बोटांचा, बिनकामाचा, मासळीबाजारात पडलेल्या माशासारखा. नेमकं हेच हवं होतं.

तो हात तिने खोक्याच्या तळाशी नुसता नेऊन ठेवला. धरायला नाही, उचलायलाही नाही. रेडिओवर कुणी तरी जुन्या नाटकातली पदं आळवत होतं. एक पद होईपर्यंत हात हलवायचा नाही, असा तिने नेम केला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पद संपत आलं असताना बोटांच्या टोकांवर काहीतरी हुळहुळलं. एवढं हलकं की भास वाटावा. जीभ. अडतीस वर्षं सापांमध्ये काढली, पण सापाची जीभ तिला कधी लागली नव्हती. लागायला तो आपणहून जवळ यावा लागतो, आणि तिच्या खणांतला एकही साप आपणहून तिच्याजवळ आला नव्हता. तिने श्वास रोखला. अंगठा पट्टीखाली धडपडला, दोनदा, चिडलेल्या माणसासारखा, आणि गप्प बसला. रताळ्याने चारी बोटं एकेक करून हुंगली आणि तो परत भुग्यात गेला. लाय-युंग उठली, आरशापुढे गेली आणि तिने बघितलं की आपले गाल लाल झालेत. त्या संध्याकाळी तिने स्वतःसाठी मासाही केला आणि अंडंही.

मग दिवस भराभर गेले. तो आधी बोटांवर हनुवटी टेकायला लागला, मग अर्धा चढला, मग एके दुपारी सगळाच्या सगळा तळव्यावर आला आणि ऊब सापडल्यासारखा वेटोळं घालून बसला. पहिल्यांदा वजन लागलं. वजन म्हणावं असं काही नव्हतंच, पण ते जिवंत होतं. तिच्या हातात आजवर जे वजन यायचं ते निसटायला धडपडणारं असायचं, हे बसायला आलेलं होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो एका हातावरून उतरला की ती दुसरा पुढे धरायची, तो त्यावर जायचा, तिने पहिला पुन्हा पुढे धरायचा. असा त्याचा रस्ता संपूच द्यायचा नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यालाही तिने पट्टी बांधली. दोन्ही हात बांधलेले असताना दारावरची घंटा वाजली तर कडी काढताना फजिती व्हायची. शेजारीण एकदा कळवळून म्हणाली, अगबाई, दोन्ही हात मोडले? फ्रीजच्या बर्फाच्या खणात मासळीच्या गोळ्यांशेजारी रताळ्याच्या खाण्याची, उंदरांची गुलाबी पिल्लं ठेवलेली होती, आणि बिंग-दादाने भुकेच्या भरात चुकीची पुडी उचलली तेव्हा जो आरडाओरडा केला तो तेराव्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. लाय-युंग इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. या घरात ती अशी कधी हसली होती, तिला आठवेना.

आणि मग रताळ्याचे डोळे निळसर झाले. अगदी थोडे, दुधाचा थेंब पाण्यात पडावा तेवढे. पोटही गुलाबी दिसायला लागलं. कागदावर याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पण तिला कागद लागलाच नाही. कात टाकायला आलेले असे साप दुकानात बाजूला काढून ठेवायचे, कातडं नीट सुटत नाही म्हणून. ते सुस्त असतात, आंधळे असतात, हात लागला तर पिसाळतात, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. तिने खोक्यात ओलं कापड ठेवलं, झाकणावर टॉवेल टाकला आणि पट्ट्या सोडून पाच दिवस हात लावला नाही. सहाव्या दिवशी सकाळी भुग्यावर पातळ, अख्खी कात पडलेली होती, डोळ्यांवरच्या टिकल्यांसकट, आणि रताळ्या नव्या नारिंगी अंगाने चमकत होता. तिने कातीचा फोटो होई-लामला पाठवला. लगेच आवाजातला निरोप आला, “आई, तुला कसं कळलं? मागच्या वेळी मी हात लावत बसले, तुकड्या-तुकड्याने निघाली होती!” लाय-युंगने तो निरोप सात वेळा ऐकला. लेकीच्या आवाजात तिच्यासाठी असलं काही असू शकतं, हे कान विसरूनच गेले होते. तिने उत्तरात म्हटलं, “अडतीस वर्षं काय झोपा काढल्या का मी?” आणि पाठवल्यावर स्वतःशीच मान डोलावली. म्हणजे ती विद्या वाया जायची नव्हती. तेच हात, तेच ज्ञान. फक्त उलटं वाचायचं होतं.

राहिला तो एकच प्रश्न. पट्टी. बांधलेल्या अंगठ्याने तुंग-चीचं वचन पुरं होत नव्हतं. ते तिला ठाऊक होतं. सणाच्या आधी रोज सकाळी ती म्हणायची, आज सोडून बघू, आणि रोज सकाळी पट्टी पुन्हा आवळून बांधायची. सोडली आणि अंगठा गेला मानेवर, तर? महिनाभराची मेहनत एका चिमटीत जाणार होती. तो विश्वास तिने एकदा गमावलेला होता, एका चौकात, हिरवा दिवा असताना, आणि तो परत मिळवायला वीस वर्षं लागतात हे तिला ठाऊक होतं. वर्षातला सगळ्यात लहान दिवस उजाडला. तिने कोंबडी उकडली, मशरूम परतले, तांदळाच्या पिठाचे गोड गोळे वळले. बांधलेल्या अंगठ्यांनी गोळे वेडेवाकडे झाले. पाच वाजता यायची लेक साडेतीनलाच आली, विमानतळावरून थेट, पाठीवर पिशवी. दारातच तिने चप्पल काढली. लाय-युंगने ते बघितलं.

“हाताला काय झालं?” होई-लामने विचारलं.

“काही नाही. सवय बांधून ठेवलीय.” मग सगळं सांगावंच लागलं. पित्तापासून पट्टीपर्यंत. खाली मान घालून, जणू शाळेतल्या बाईंपुढे.  ऐकून झाल्यावर होई-लाम खोक्याशी जाऊन बसली, रताळ्याकडे बघितलं, आईच्या हातांकडे बघितलं. “सोड ती,” ती म्हणाली.

“आज नको गं. जेवून घे आधी.”

“आई. सोड.”

लाय-युंगने दाताने गाठ सोडली. अंगठे बाहेर आले, पांढरेफटक, सुरकुतलेले, पट्टीचे वळ पडलेले. रात्रभर पाण्यात बुडवून काढल्यासारखे. तिने उजवा हात बाजूने आत नेला, तळवा उघडा. रताळ्याने जीभ लावली. चार बोटं हुंगली. मग पाचवं. ते नवीन होतं, तिथे तो थांबला. अंगठ्याच्या पेरावर जीभ येत-जात राहिली, आणि लाय-युंगच्या मनगटापासून दंडापर्यंत सगळ्या शिरा ताठ झाल्या. अंगठा आतून ओढ घेत होता, जुन्या नोकराला घंटा ऐकू यावी तसा. ती त्याच्याशी बोलायला लागली, मनातल्या मनात, बाबांच्या आवाजात. हं. हं. रताळ्या चढला. तिने हात खोक्याबाहेर आणला, मांडीवर धरला. होई-लाम एवढ्या जवळ होती की तिचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात दारावरची घंटा कर्कश वाजली आणि वर बिंग-दादाची हाक, “उस्तादीणबाई, उघडा, हात भरलेत!” रताळ्या सळकन उसळला. बाण सुटावा तसा तळव्यावरून कडेकडे, कडेवरून खाली, खाली फरशी. अंगठा उठला. तिने तो उठताना बघितला. ती मानेमागची जागा त्याला तोंडपाठ होती, अर्धी वीतही अंतर नव्हतं. धरलं असतं तर पडायचा वाचला असता, धरायला सगळी कारणं होती. पण डावा हात आधीच निघाला होता. महिनाभर त्याने जे केलं होतं तेच त्याने केलं. खाली, पुढे, उघडा. आणि अंगठा हवेत उभाच राहिला, तसाच, कुणाला ‘छान’ म्हणताना दाखवतात तसा. रताळ्या नव्या तळव्यावर उतरला, क्षणभर थांबला, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाला. लाय-युंगला ओरडावंसं वाटलं. गल्लीभर ऐकू जाईल असं, गिऱ्हाइकांना थांबवून दाखवावंसं वाटलं, बघा, हे बघा, हे बाबांनाही जमलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दात दाखवून हसत होती.

“बघितलंस?” तिने विचारलं.

“बघितलं,” होई-लाम म्हणाली.  तिने बाही वर सारली आणि आपला हात आईच्या हाताला लावून धरला, तळवा उघडा. रताळ्याला रस्ता हवाच होता. तो निघाला, आईच्या तळव्यावरून लेकीच्या तळव्यावर, तिथून मनगटावर. मनगटाला एक वेढा घातला, आणि शेपूट मागे आईच्या अंगठ्याभोवती होती तिथेच ठेवून, दोन्ही घट्ट करून, हनुवटी टेकून स्वस्थ झाला. होई-लामचं मनगट आईच्या हातात होतं. कुणी धरलं नव्हतं. लाय-युंगने हात मागे घ्यायला हालचाल केली, सवयीने. या स्पर्शाला काय उत्तर येतं ते तिला माहीत होतं.

“हात काढू नकोस,” होई-लाम म्हणाली. “तो नुकता शांत झालाय.”

दार लोटलेलंच होतं. बिंग-दादा सुपाचा डबा आणि संत्र्यांची पिशवी घेऊन आत आला, दोघींकडे बघून जागच्या जागी उभा राहिला, मग हळूच खुर्चीवर बसला. कोंबडी गार होत होती. पिठाचे वेडेवाकडे गोळे पाण्यात एकमेकांना चिकटायला लागले होते. बऱ्याच वेळाने त्याने घसा खाकरला. “कुणी मला जेवायला वाढणार आहे का?”

“थांब रे,” लाय-युंग म्हणाली, हात न हलवता. “तो सोडेल तेव्हा.”

होई-लाम हसली, आणि तिचं मनगट हसण्याने हललं तरी तिथेच राहिलं.